त्या तुळया जहाजाच्या नाहीत

इंग्लंडातल्या एका अरुंद गल्लीतलं, रस्त्यावर झुकलेलं काळं-पांढरं घर आणि खाली पाच ओळींची माहिती, असा एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: हे मध्ययुगीन घर मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून उभं राहिलं, कर तळमजल्याच्या क्षेत्रफळावर लागायचा म्हणून वरचे मजले बाहेर काढले, माणसं ठेंगणी होती म्हणून दारं बुटकी, काळे-पांढरे पट्टे मूळचेच, आणि दारावर कोरलेलं साल हेच घराचं जन्मसाल. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते पहिलं, कारण त्यात ज्या सुतारांनी ही घरं उभी केली त्यांचं कसबच पुसलं जातं.

जहाजाची गोष्ट लोकांना पटते त्याला कारणं आहेत. तुळया वाकड्या दिसतात, त्यांत काहीच न बसवलेल्या रिकाम्या खाचा असतात आणि लाकूड इतकं टणक असतं की खिळा वाकतो. पण ओकचं लाकूड ओलं असतानाच कापायचं आणि ओलं असतानाच जोडायचं, ही तिथल्या सुतारांची रीत होती. ओला ओक सहज तासला जातो. वाळता वाळता तो आवळतो, पिळतो आणि लोखंडासारखा होतो. घराचा सांगाडा तिरका झाला, तुळईला बाक आला, तो बहुतेक वेळा असा जागेवरच. काही लाकडं मुद्दाम वाकडी निवडलेली असत. सुतार वाढीतच वळलेलं झाड हेरायचा आणि खोड उभं चिरून त्याचे दोन सारखे तुकडे करायचा. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, आरशातल्या प्रतिमेसारखे.

रिकाम्या खाचांचंही तसंच. कधी मधली भिंत काढून टाकलेली असते, कधी लाकूड जुन्या घरातून काढून पुन्हा वापरलेलं असतं. चांगला ओक कोण फेकून देईल? म्हणजे पुनर्वापर होत होता, पण तो मुख्यतः घरातून घरात.

एकदा अशा तुळईच्या सांध्यापाशी टॉर्च तिरका धरून बघा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत शिरलेली, आरपार ओकची खुंटी ठोकलेली, आणि शेजारी पटाशीने उमटवलेल्या खुणा: एक रेघ, दोन रेघा, मग रोमन पाच. समोरच्या लाकडावर तोच आकडा. हा सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून कापला, जुळवून पाहिला, सुटा केला आणि जागेवर नेऊन आकड्याला आकडा लावत उभा केला. जहाजाच्या बरगड्या अशा नसतात. त्यांत फळ्या ठोकलेल्या खुंट्यांच्या भोकांच्या रांगा असतात, लोखंडी बोल्टांचे डाग असतात आणि क्वचितच कुठली कड सरळ असते. खोलीची चौकट बांधायला असं लाकूड म्हणजे डोकेदुखीच. शिवाय लडलोसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावातही हीच कथा सांगतात. तिथवर बैलगाडीतून जहाजाचे अवशेष कशाला ओढून नेतील?

खरी उदाहरणं आहेत, आणि ती सांगायलाच हवीत. हॅम्पशरमधल्या विकहॅमची चेसापीक मिल पकडून आणलेल्या एका अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडातून 1820 साली बांधली. लंडनचं लिबर्टी दुकान सोळाव्या शतकातल्या ट्यूडर घरासारखं दिसतं, पण ते 1924 सालचं आहे, आणि त्यात इम्प्रेग्नेबल आणि हिंदुस्थान या दोन युद्धनौकांचं लाकूड खरोखर आहे. मध्ययुगात होड्यांच्या फळ्या थेम्सकाठच्या धक्क्यांच्या भिंतींना लावलेल्याही सापडल्या आहेत. म्हणून एकेका घराचा पुरावा तपासायचा. झाडाची वार्षिक वलयं मोजून काळ काढता येतो. लाकडावर झाडाची साल किंवा तिच्या आतली शेवटची कड शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हेही कळतं.

आता कर. तळमजल्याच्या क्षेत्रफळावरच्या अशा कराचा पुरावा नाही. मजले बाहेर काढायची रीत जुनीच: यॉर्कमधली गुडरमगेट रस्त्यावरची लेडी रो ही घरांची ओळ 1316 सालची आहे आणि तिचा वरचा मजला बाहेर आलेला आहे. लंडनमध्ये असे मजले किमान नऊ फूट उंचीवर असावेत, खालून घोडेस्वार जाऊ शकावा, असा नियम होता. म्हणजे शहराची चिंता वाहतुकीची होती. आणि केंटमधली शेतकऱ्यांची घरं बघा. चारही बाजूंनी मोकळं शेत, तरी वरचा मजला पुढे काढलेला! त्यात बांधकामाचा हिशोब होता: प्रत्येक मजल्याला वेगळे, आखूड खांब पुरतात, एकाच खांबात साऱ्या खाचा एकत्र येत नाहीत, आणि बाहेर आलेल्या टोकावरच्या भिंतीच्या भारामुळे आतल्या तुळया कमी लवतात. थोडी जागा मिळते, आणि रुबाबही. खर्चिक काम होतं ते.

ठेंगण्या माणसांचं थोडक्यात. 1545 साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेवरच्या खलाशांचे सांगाडे मोजले आहेत. सरासरी उंची साधारण 5 फूट 7 इंच. दारं बुटकी दिसतात कारण रस्ता आणि जमीन भरत वर आली, किंवा पुढे मधे नवा मजला घातला गेला.

रंगाबद्दल: मध्ययुगात लाकूड बहुधा उघडंच असे, नाहीतर कुडाच्या भिंतीसकट चुन्याचा हात फिरवत. काळा-पांढरा झगझगीतपणा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची आवड. चेस्टरच्या मधल्या चौकातली जी इमारत सगळ्यांच्या फोटोत असते ती 1888 सालची आहे.

राहिलं दारावरचं साल. ते पुष्कळदा दुरुस्तीचं, नव्या दाराचं किंवा नव्या मालकाच्या हौसेचं असतं. घर टप्प्याटप्प्याने होतं. मूळ घरात मधोमध उघडी चूल असे, धूर छपरातून बाहेर पडे. पुढे धुराडं आलं, मग त्या उंच दालनात मजला घातला गेला, आणि काजळीने माखलेले वासे माळ्याच्या अंधारात राहून गेले. अठराव्या शतकात समोर विटांची सरळ भिंत चढली. साउदम्प्टनच्या फ्रेंच स्ट्रीटवरचं घर 1290च्या सुमारास जॉन फोर्टिन या वाइन व्यापाऱ्याने बांधलं. 1940 साली बाँबने त्याची पडझड झाली, तेव्हा कुठे आतला मध्ययुगीन सांगाडा लोकांच्या नजरेस पडला.