दुष्काळातला सावकार आणि इंग्लिश फुटबॉल

परवा आमच्या ग्रुपवर (सगळे लिव्हरपूल क्लबचे फॅन, निम्मे कोथरूडचे, उरलेले कायम हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये) परत तोच विषय निघाला. एकानं लिहिलं की ह्या इंग्लिश पब्लिकसमोर काहीही नवीन ठेवा, हे बोंबलणारच. एफए कप ह्या तिकडच्या नॉकआउट स्पर्धेतल्या रिप्ले (बरोबरी झाली की परत खेळायची मॅच) बंद केल्या, बोंबलले, बड्या क्लबांची वेगळी सुपर लीग आणली, बोंबलले, मॅच बाहेरच्या देशात खेळवू म्हटलं, तरी बोंबलले. आपण इथे रात्री दीड वाजेपर्यंत जागून मॅच बघतो, सकाळी नऊला ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगला बसतो, आपण कधी रडतो का? त्यावर बावीस जणांचे हसरे इमोजी. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की हे ग्रुपवर मावणार नाही, म्हणून इथे टाकतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी कबूल करतो, २०१८ पर्यंत मीपण हेच बोलायचो. मग कंपनीनं तीन वर्षं मँचेस्टरला पाठवलं. तिथे आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक पंचावन्न-छप्पनचे गृहस्थ होते, बेरीचे. स्पेलिंग (Bury) बघून मी पहिल्या दिवशी 'बरी' म्हणालो आणि अख्ख्या टीमसमोर माझी शिकवणी झाली. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानंच हाक मारायचे, मीपण मारायचो, पण मनातल्या मनात ते माझे काकाच. बेरी हे मँचेस्टरहून पिवळ्या ट्रामनं गाठता येणारं गाव, आणि बेरी एफसी हा १८८५ सालचा क्लब. एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० ला आणि १९०३ ला, आणि १९०३ ची फायनल तर ६-० नं. हे आकडे काका असे सांगायचे की जणू गेल्याच आठवड्यात स्वतः मॅच बघून आलेत.

त्यांनी एकदा मला गिग लेनला, म्हणजे बेरीच्या मैदानावर नेलं. लीग टू, म्हणजे वरून चौथी पायरी. खेळाचं विचाराल तर बॉल गवतापेक्षा आभाळात जास्त, आणि थंडी अशी की हातातला मीट-बटाट्याचा पाय (सारण भरलेली गरम पेस्ट्री) खायचा की त्याच्यावर हात शेकायचे तेच कळेना. मागे बसलेले एक आजोबा लाइन्समनला शिव्या देत होते, पण अशा, की जसा घरचाच पोरगा दूध सांडून आलाय. हाफटाइमला काकांनी लॉटरीचं एक पाउंडाचं तिकीट काढलं. म्हणाले, लहानपणापासून काढतोय, एकदाही लागलेली नाही. मी म्हटलं मग कशाला काढता, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप पाय खाल्ला.

त्या सीझनला बेरी प्रमोट झाले, म्हणजे एक पायरी वर चढले. खेळाडूंचे पगार थकलेले, तरी प्रमोट झाले. आणि चार महिन्यांत, २७ ऑगस्ट २०१९ ला, लीगनं क्लबला बाहेर काढलं. नवा मालक आठ-नऊ महिन्यांपूर्वीच आला होता, त्यानं क्लब घेतला होता एक पाउंडाला. (एक पाउंड! काकांचं लॉटरीचं तिकीट आणि काकांचा क्लब, भाव एकच.) शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचची डेडलाइन होती आणि सकाळपासून लोक झाडू-फडकी घेऊन स्टेडियम साफ करत होते, कारण कुणीतरी विकत घेतंय अशी आशा होती. रात्री उशिरा बातमी आली की संपलं. काकांनी नव्या सीझनचं तिकीट आधीच काढलेलं. ते कार्ड त्यांनी मॉनिटरला टेकवून उभं केलं आणि ते तिथेच राहिलं, मार्च २०२० ला आम्ही सगळे घरी पळालो तोपर्यंत.

आता खरा विषय. ऑक्टोबर २०२०. मैदानं रिकामी, गेटवर तिकीट विकून जगणाऱ्या खालच्या क्लबांच्या घशाला कोरड. आणि पेपरात फुटलं 'प्रोजेक्ट बिग पिक्चर'. लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या मालकांनी केलेला प्लॅन, वर ईएफएलचा, म्हणजे खालच्या ७२ क्लबांच्या लीगचा, चेअरमन रिक पॅरी ह्याचा जाहीर पाठिंबा. मी वाचला आणि खरं सांगतो, खूश झालो. खालच्या क्लबांना लगेच २५ कोटी पाउंड, पुढे टीव्हीच्या पैशातला २५ टक्के हिस्सा, बाहेरगावच्या मॅचचं तिकीट जास्तीत जास्त २० पाउंड, उभं राहून मॅच बघायची सोय परत आणायचं आश्वासन. प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, २० वरून १८ टीमची होणार आणि लीग कप ही दुसरी नॉकआउट स्पर्धा आणि कम्युनिटी शील्डची मॅच बंद, एवढंच काय ते जाणार. त्यातून प्लॅन माझ्या क्लबचा! मी काकांना ऑफिसच्या टीम्स चॅटवर मेसेज टाकला की बघा, हे दोन वर्षं आधी आलं असतं तर बेरी वाचली असती.

त्यांचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. शिव्या वगळून मथितार्थ असा की शेवटचं पान वाच.

शेवटचं पान म्हणजे मतदान. प्रीमियर लीगमध्ये एक क्लब एक मत, आणि काही बदलायचं तर २० पैकी १४ मतं लागतात. ह्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त काळ टिकलेल्या नऊ क्लबांना खास अधिकार होते, आणि त्या नवातल्या सहांनी ठरवलं की झालं. दुसऱ्या क्लबाला कोण विकत घेणार ह्यावरसुद्धा त्यांचाच शिक्का. बडे क्लब किती? सहा. आता हे बघा, आज २५ टक्के देणारे सहा जण, उद्या त्याच सहा मतांनी ते पाच टक्क्यांवर आणू शकतात, आणि तेव्हा बेरीसारख्यानं जायचं कुणाकडे?

आपल्याकडे हे समजावून सांगावं लागू नये खरंतर. दुष्काळात दारात धान्याचं पोतं घेऊन येणारा सावकार पोत्याचं वजन मोठ्यानं सांगतो आणि अंगठा कशावर घेतोय ते हळूच. पोतं खोटं नसतं, भूकही खोटी नसते. पण जमीन नंतर सात-बाऱ्यावर कुणाच्या नावावर चढते, हे आपल्या आज्यानं बघितलेलं असतं.

आणि इथेच मला तिथल्या फॅन्सचं कौतुक वाटलं. विरोध फक्त छोट्या क्लबांच्या लोकांनी केला असता तर समजू शकलो असतो. पण ज्या सहा क्लबांचा फायदा होणार होता त्यांच्याच फॅन संघटनांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की आम्हाला हे नको. लिव्हरपूलवाले आणि युनायटेडवाले एका कागदावर! हे म्हणजे कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी ह्या दोन कट्टर फुटबॉल टीमवाल्यांनी एका गाडीवर बसून मिरवणूक काढण्यासारखं आहे. आणि त्यांनी सगळं नको असंपण म्हटलेलं नव्हतं बरं का. पैसा नीट वाटला पाहिजे, हे तर फॅन्स वर्षानुवर्षं ओरडत होते. फक्त देतोय कोण आणि बदल्यात घेतोय काय, एवढं त्यांनी वाचलं. जे मी एमबीए करून वाचलं नव्हतं. तीन-चार दिवसांत प्रीमियर लीगच्या क्लबांनी प्लॅन गुंडाळला. उलट बाजूपण सांगतो, खालच्या बऱ्याच क्लबांच्या मालकांना तो हवा होता, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, पगाराची तारीख जवळ आली की तत्त्वं जरा लांब दिसायला लागतात.

त्याच महिन्यात टीव्हीवर एकेक मॅच १४.९५ पाउंडला विकायला काढली होती. न्यूकॅसलच्या लोकांनी मॅच न घेता ते पैसे फूड बँकेला दिले. बोंबलणं असंपण असतं.

सुपर लीगचं सगळ्यांना माहितीये, जास्त लिहीत नाही. १८ एप्रिल २०२१, रविवारी रात्री घोषणा, बारा क्लब, त्यात इंग्लंडचे सहा (तेच सहा, योगायोग बघा), आणि २० जागांपैकी १५ कायमच्या राखीव. मंगळवारी चेल्सीचे लोक स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले, टीमची बस अडली, क्लबचा जुना गोलकीपर आणि तेव्हाचा अधिकारी पीटर चेक ह्याला स्वतः गर्दीत येऊन हात जोडायची वेळ आली. रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर. तिसरा दिवस उजाडला नाही राव.

पण त्या दोन दिवसांत एक शब्द आला तो मला अजून टोचतो. लेगसी फॅन. म्हणजे स्टेडियमजवळ राहणारे, आज्यापासून तिकीट काढणारे, म्हणजे जुनं सामान. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं ते भविष्यातले फॅन कोण? तर आपण. कोथरूड, हिंजवडी, जकार्ता, लागोस. २००८ ला ३९ व्या मॅचची आयडिया आली होती ती अशीच, प्रत्येक टीमनं एक जादा मॅच परदेशात खेळायची, तेपण 'जगभरच्या चाहत्यांसाठी'. अरे पण मला कुणी विचारलं होतं? मी कधी म्हटलं की रिप्ले नकोत, लीग कप नको, वर चढायचा दरवाजा बंद करा? प्रत्येक वेळी आमच्या नावानं अर्ज, आणि सही दुसऱ्याचीच.

रिप्लेचंच घ्या, ग्रुपवर सगळ्यात जास्त हसले ते त्यावर. जानेवारी २००५, एक्सिटर सिटी तेव्हा पाचव्या पायरीवर, कर्जात बुडालेला, फॅन्सनी स्वतः चालवायला घेतलेला क्लब. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर जाऊन ०-० केली. मग रिप्ले त्यांच्या गावात, युनायटेड २-० नं जिंकली, रोनाल्डो आणि रूनी दोघांचे गोल. हरले, पण दोन मॅचच्या पैशात क्लब सावरला. आज ती मॅच पहिल्याच दिवशी एक्स्ट्रा टाइममध्ये नाहीतर पेनल्टीवर संपली असती. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या राउंडपासूनच्या सगळ्या रिप्ले बंद केल्याचं जाहीर झालं आणि ईएफएल म्हणाली की आमच्याशी बोललंच नाही कुणी. कारण युरोपातल्या मॅच वाढल्या, कॅलेंडरला जागा नाही. जागा कुणाची गेली मग? एक्सिटरची.

आता एक आपल्या घरचं. एकदा प्रेस्टनच्या पबमध्ये एकानं विचारलं, कुठला तू? मी म्हटलं, पुणे. साधारणपणे लोकांना मुंबईच्या पलीकडे काही माहीत नसतं, पण हा ग्लास खाली ठेवून म्हणाला, पुणे? कोंबड्यावाले? ब्लॅकबर्नचा निघाला. २०१० ला पुण्याच्या वेंकीजनं ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, १८८८ ला लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, १९९५ चा चॅम्पियन. २०१२ ला प्रीमियर लीगमधून खाली, २०१७ ला आणखी एक पायरी खाली. २०१२ ला तर मैदानात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली होती पब्लिकनं. मालकांनी पैसे ओतले नाहीत असं नाही, तो माणूसही ते मान्य करत होता. त्याची तक्रार वेगळी होती, की इतक्या लांबून निर्णय होतात आणि आम्हाला काही विचारायचं झालं तर दार कुठलं ठोठवायचं तेच माहीत नाही. मी कोथरूडचा, माझा ह्यात काय संबंध, तरी त्या रात्री बिअर माझ्याकडून गेली.

म्हणून २०२५ मध्ये तिथे जो कायदा झाला, फुटबॉलसाठी सरकारी रेग्युलेटरचा, त्याची मागणी फॅन्सनीच लावून धरली होती हे ग्रुपवाल्यांनी लक्षात घ्या. वरच्या पाच पायऱ्यांवरच्या ११६ क्लबांना लायसन लागणार, मालक कोण आणि पैसा कुठला ते तपासणार, सुपर लीगसारख्या फुटीर लीगला मनाई, क्लबचा लोगो आणि घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर आधी फॅन्सना विचारायचं. हापण रिफॉर्मच आहे ना? ह्याला मात्र बोंबलले कोण, तर बरेचसे बडे क्लब, की खर्च वाढेल, गुंतवणूक घटेल. मला स्वतःला सरकारी ऑफिसचा फार भरवसा नाही, जन्म आपल्याकडे काढलाय, फाइल कशी झोपते ते माहितीये. पण काकांना विचारलं तर म्हणाले, आमच्या वेळी तक्रार करायला निदान एक खिडकी असती तरी चाललं असतं.

गिग लेनवर आता परत मॅच होतात. दोन गटात विभागलेले फॅन एकत्र आले, २०२३ ला नवव्या पायरीपासून सुरुवात केली, आणि तसल्या लीगला हजारो लोक येतात. काकांनी मागच्या महिन्यात फोटो पाठवला, मागे हिरवंगार मैदान, पुढे बोटांत धरलेलं लॉटरीचं तिकीट. खाली लिहिलेलं, अजून नाही लागली.

मी तो फोटो ग्रुपवर टाकला होता. एकानं विचारलं, ये कौनसा स्टेडियम है भाई. मी लिहीपर्यंत कुठल्यातरी ट्रान्सफरची अफवा आली आणि ते वर निघून गेलं.