मेल उघडला की खाते रिकामे? फॉरवर्डमधल्या चार सल्ल्यांचा समाचार

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत असतो. त्यातले सल्ले चार. अनोळखी मेल नुसता उघडला तरी बँक खाते रिकामे होते. ओळखीच्या नावाने आलेला मेल बिनधास्त उघडा. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसले की साइट खरी. दर महिन्याला पासवर्ड बदला.

पहिली भीती जुनीच. १९९४ मध्ये 'गुड टाइम्स' नावाचा मेल वाचताच हार्ड डिस्क पुसली जाते, अशी आवई उठली होती. तसा व्हायरस नव्हताच. पसरली ती फक्त आवई. १९९९ च्या 'बबलबॉय' व्हायरसने मात्र मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीचा फायदा घेत नुसत्या मेल उघडण्यावर काम साधले होते, हेही मान्य करू. म्हणून ॲप अपडेट ठेवा. पण आज पैसे जातात ते बहुधा मेल वाचल्यावर काय केले त्यामुळे: लिंकवर जाऊन ओटीपी भरला, नाहीतर जोडलेली फाइल चालवली.

खरा घातक सल्ला दुसरा. पाठवणाऱ्याचे नाव तो स्वतःच टाइप करतो. ज्या एसएमटीपी पद्धतीने मेल जातात ती १९८२ ची. तिच्यात पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहावे, तसे. पुढे तपासण्या आल्या, पण त्या डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, पाहतात, नाव नाही. बरे, पत्ता खराच मित्राचा असला तरी? मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस ओळखीच्यांकडूनच येत होता, कारण तो आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःच रवाना होई.

तेव्हा नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि तो शेवटाकडून वाचा. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' हा आयकर खात्याचा. त्याच्यापुढे आणखी 'डॉट काहीतरी डॉट कॉम' चिकटले असेल, तर मालक तो काहीतरीवाला. आणि मित्राने मेलवर पैसे मागितले, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावा.

कुलपाचे थोडक्यात: मधल्या वाटेवर कुणी डोकावू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे चोर बसलेला असू शकतो. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारे प्रमाणपत्र त्यालाही फुकट मिळते. लोकांची हीच गल्लत होते म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले.

महिन्याला पासवर्ड बदलायला लावले की माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्येच अशी सक्ती नको म्हटले. फुटल्याचा संशय आला की बदला. मेलचा पासवर्ड मात्र लांब, इतरत्र न वापरलेला हवा आणि जोडीला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, कारण बाकीच्या खात्यांच्या 'फरगॉट पासवर्ड'च्या लिंक तिथेच येतात.

फॉरवर्डमध्ये एक नंबर मात्र नसतो: १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीची हेल्पलाइन. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच तिथे फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येण्याची आशा असते.