जेवणाचे पैसे वेगळे, शिबिराचे वेगळे

लायन्स या सेवाभावी संस्थेच्या क्लबांवरच्या लेखातलं ‘लोकांच्या देणग्यांवर हॉटेलात जेवणावळी’ हे वाक्य खटकलं. लायन्सच्या नियमानुसार क्लबचे दोन हिशेब असतात. प्रशासकीय खर्च सभासदांच्या वर्गणीतून, आणि लोकांकडून जमवलेला पैसा फक्त सेवेसाठी. आमच्या तालुक्याच्या क्लबात जुलैतल्या पदग्रहणाचं जेवण वर्गणीतूनच होतं. (शाल-श्रीफळाचा सोस आवरायला हवा, तिथे लेखकाशी सहमत.) संशय असेल तर खजिनदाराकडे दोन्ही पासबुकं मागा. जो दाखवणार नाही, त्याला खुशाल देणगी देऊ नका.

लेखात राहून गेलं ते वेगळंच. क्लबच्या नेत्रशिबिरातली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बऱ्याचदा धर्मादाय रुग्णालय करतं, त्याला सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून अनुदानही मिळतं. क्लबच्या माणसांचं काम म्हणजे वाडीवस्तीवरून आजीला जीपमध्ये बसवून आणणं, कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन ते कळावं म्हणून त्या भुवईवर चिकटपट्टी लावली आहे ना ते बघणं, सोबत कोणी नसेल तर रात्री थांबणं, काळा चष्मा घालून घरी पोचवणं. खरी पंचाईत त्यापुढे. फेरतपासणीची तारीख नेमकी सुगीत येते, मुलगा-सून शेतावर, आणायला कोणी नाही. थेंब संपलेले, डोळा लाल झाला तरी ‘होईल बरं’ म्हणून म्हातारी घरीच. ऑपरेशनसाठी देणगीदार मिळतात हो, पण या दुसऱ्या फेरीच्या डिझेलला कोणी पावती फाडत नाही. त्यावर बॅनर लागत नाही ना!