दाढ ठणकली म्हणून डीएनए बदलत नाही

‘चेहऱ्याचं दुखणं आठवडाभर टिकलं की डीएनए बदलतो, नसा कायमच्या बिघडतात, मुलांनाही तो दोष लागतो, पेनकिलरचा काही उपयोग नाही’ असा मेसेज फिरतोय. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

आधी डीएनए. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या बहुतेक पेशींची केंद्रकं कवटीच्या तळाशी एका गँगलियनमध्ये, म्हणजे नसपेशींच्या गाठीत, असतात. जबड्याच्या सांध्याला किंवा दाढेच्या मुळाशी दाह झाला की तिथे एनजीएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते नसेच्या टोकावरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या रेणूला) चिकटतं, त्याच्यासकट आत ओढलं जातं आणि तंतूतून उलटा प्रवास करत पेशीच्या मुख्य भागापर्यंत पोचतं. मग सीजीआरपी, सबस्टन्स पी अशा वेदनेशी संबंधित रेणूंच्या जनुकांचं काम वाढतं. वाढतात त्या जनुकावरून निघणाऱ्या आरएनएच्या, म्हणजे जनुकाच्या कामापुरत्या नकलेच्या, प्रती. जनुकाची अक्षरं होती तशीच राहतात.

शिवाय सुरुवातीच्या हुळहुळेपणाला जनुकांची गरजही लागत नाही. टीआरपीव्ही१ ही नसेच्या टोकावरची वाहिनी, म्हणजे उष्णता ओळखणारं बारीकसं दार, एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडते (१९९७ साली ती शोधणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं). प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन ही दाहात तयार होणारी रसायनं आली की काही मिनिटांतच हा उंबरठा खाली येतो आणि एरवी सोसवणारी उष्णताही झोंबते. जनुकांचा भाग नंतरचा, तासां-दिवसांचा.

‘कायमच्या’ हा शब्द मेसेजवाल्याने पदरचा घातलाय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह ओसरला की यातले बरेचसे बदलही ओसरतात. मात्र एकदा दाह सोसलेली नस कधीकधी बरी दिसूनही तयारीत राहते, आणि पुढच्या किरकोळ चिथावणीलाही जास्त वेळ दुखते. तेव्हा अंगावर काढणं शहाणपणाचं नाहीच.

मुलांचं म्हणाल तर गँगलियनमधल्या पेशी बीजांडात जात नाहीत, शुक्राणूतही नाही. विषय संपला.

राहिली पेनकिलर. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करतं, म्हणजे साखळीच्या पहिल्या कडीवरच काम करतं. दाढेखालचा पू मात्र त्याने जात नाही. त्याला डेंटिस्टच हवा. आणि गालाला सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.