इंजिनिअर आणला यात अपमान कसला?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

भाची आणि जावई आपल्या इंदूरच्या राजेंद्र नगरात एक जुनं घर बघतायत. चाळीसेक वर्षांचं, दोन मजली, दारात पारिजातक. मालक आपल्यातलेच. मीही सोबत गेले होते. चहा झाला, ओळखी निघाल्या, त्यांच्या चुलत बहिणीचं सासर आमच्या माहेरच्या गल्लीतलं निघालं. मग भाची म्हणाली, "काका, रविवारी आमचे एक इंजिनिअर येऊन घर बघून जातील, चालेल ना?" काकांचा चेहराच उतरला. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही? आपल्या लोकांत असलं कधी नव्हतं हो." काकू कप उचलून आत गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. आणि जिन्यात दलालाने पोरीला सुनावलं, "मॅडम, ऐसे में सौदा बिगड जाता है."

बिगडू दे की!

काका सज्जन आहेत हे मी स्टँप पेपरवर लिहून देईन. पण त्यांच्या सज्जनपणाने घराखालची माती बदलत नाही. आपल्या इंदूरची काळी माती कशी आहे हे इथे जन्मलेल्याला सांगायला नको. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच उथळ ठेवला असेल, खाली मुरूम घातला नसेल, प्लिंथ बीम (जोत्याला बांधून धरणारी काँक्रीटची तुळई) नसेल, तर घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. घराला लागून मोठं झाड असेल तर त्या बाजूचं पाणी मुळं ओढतात आणि तो कोपरा आणखी खचतो.

आता गंमत बघा. मे महिन्यात उघडलेली ही चीर पावसाळा संपेपर्यंत माती फुगल्याने पुष्कळदा मिटलेली असते. भिंतीही तोवर वाळत आलेल्या असतात. वरून पुट्टी, डिस्टेंपर, दिवाळीचा हात. म्हणजे आपण सगळे हौसेने घरं बघायला निघतो ते हेच दिवस घर सगळ्यात खोटं दिसण्याचे! मे अखेरीस बघा, नाहीतर जुलैच्या झडीत बघा. मुहूर्त नंतर काढता येतो.

माझ्या धाकट्या भावाने असंच दिवाळीच्या तोंडावर घर घेतलं होतं. विकणारे गणेशोत्सवात वर्षानुवर्षं त्याच्या बरोबरीने राबलेले गृहस्थ. तपासायचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, काढलं असतं तर बापरे, केवढा कृतघ्नपणा! बेडरूममध्ये एका भिंतीला लोखंडी कपाट लावलेलं होतं. ते म्हणाले, जड आहे, राहू द्या तुम्हालाच. आम्हाला केवढं कौतुक वाटलं. पहिल्या पावसाळ्यानंतर कपाट सरकवलं, तर मागे गुडघ्याच्या वरपर्यंत लोणा, म्हणजे ओलीचा पांढरा खार, फुटलेला. बोट लावलं की प्लास्टर पिठासारखं गळत होतं, आणि चौकटीच्या कडेने वर चढत गेलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या. चौकटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर दांड्यापर्यंत आत गेला. बाहेरून ऑइल पेंट अगदी चकचकीत.

अशी जमिनीतून चढणारी ओल वरून रंग देऊन थांबत नाही, वॉटरप्रूफ रंगानेही नाही. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर नसेल किंवा फुटला असेल तर विटा वातीसारखं पाणी ओढत राहतात. वाईट त्या गृहस्थांचंच वाटतं असं नाही, वहिनीच्या पाटल्या गेल्या त्या दुरुस्तीत, त्याचं वाटतं.

कायद्याचंही सांगते, कारण "जसं आहे तसं घेतलं" हे वाक्य सारखं तोंडावर मारलं जातं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष, जो घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही, तो त्याने सांगायलाच हवा. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर ते लागू होतं, म्हणून बयाण्याचा कागद वाचून सही करा. आणि साधी काळजी घेतली असती तर जे दिसलं असतं, ते न बघणं तुमच्याच अंगावर येतं. रेरातली, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यातली, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची हमी बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घराला, काकांच्या घराला नाही. म्हणजे कायदाच म्हणतोय, नीट बघून घ्या. मग बघणारा उद्धट कसा?

हो, दोष काढून नुसता भाव पाडणारे खरेदीदारही असतात. असतात, मान्य.

भावाकडे दुसऱ्या वर्षी वरच्या खोलीत छताचा पापुद्रा खाली आला. भरदुपारी, पोराच्या पलंगावर. पोर शाळेत होतं म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवतही नाही. गच्चीचा उतार बिघडलेला, पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेचा सिमेंटचा गोळा फुटलेला, वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं. आतली सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. इंजिनिअरने लहान हातोडीने छत ठोकत नेलं. चांगल्या जागी टणटण, आणि एका पट्ट्यात एकदम भद्द. तो आवाज ऐकून भाऊ खालीच बसला. हे काम खरेदीच्या आधी अर्ध्या तासात झालं असतं.

रामबाग, मल्हारगंजकडची आणखी जुनी घरं बघत असाल तर गर्डर-फर्शीच्या छतात गर्डरची भिंतीत शिरणारी टोकं बघा, गंज तिथे खातो. वायरिंग लाकडी पट्टीवरचं असेल आणि अर्थिंग नसेल तर सगळं बदलायचा खर्च धरूनच भाव बोला. जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) जुने पाइप आतून गंजून बोटभरही उरत नाहीत, तेव्हा वरच्या मजल्याचे दोन नळ एकदम सोडून बघा.

आणि अंगणात विहीर होती का ते विचारा. बुजवली की नुसती झाकली? ३० मार्च २०२३ ची रामनवमी आपण इंदूरकर विसरलो नाही ना? बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. वर फरशी दिसते म्हणून खाली जमीन आहे असं धरून चालायचं नाही.

एवढं लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आणि काकू डोळ्यांसमोर आल्या. मुलं बंगलोरला, दोघंच घरात. त्याच घरात पोरांची लग्नं झाली, सासूबाईंचं शेवटचं आजारपण निघालं. कुणी परका येऊन भिंतीवर हातोडी मारणार म्हटल्यावर पोटात कालवणारच. ते मला कळतं. त्यांना वाटतं आम्ही त्यांच्या संसारात खोट काढतोय. तसं नाही हो काकू. तुम्ही घर छान राखलंय. पण पोरगी वीस वर्षांचं कर्ज काढतेय, तिच्या पदरात उद्या लहान मूल असेल, आणि ते त्याच छताखाली झोपणार आहे.

दलालाला मात्र माफी नाही. त्याला दोन टक्के सुटले की तो मोकळा. हॉलच्या खिडकीवरची चीर त्याला माझ्याआधी दिसली होती, पडदा त्यानेच सारखा केला, मी पाहिलंय.

भाचीला सांगितलंय, रविवारी इंजिनिअर येणार म्हणजे येणार, आणि मी आधी जाऊन काकूंशी बोलणार. त्याची फी लग्नातल्या बँडवाल्याहून कमी आहे. इंदुरात जुन्या घराच्या गच्चीवर चढून, कपाटं सरकवून, मनापासून बघणारे कुणी स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमच्या माहितीत असतील तर मला मेसेज करा. भाचीची सोय झालीय, पण ओळखीत आणखी दोन घरांचे बयाणे दिवाळीआधी व्हायचेत.