लेखक कोण ते कळता कामा नये

रिसर्चला दोन वर्षं लागली, पेपर लिहायला तीन महिने, आणि लिहून तयार असलेला तो पेपर जर्नलला नुसता पाठवायला अकरा दिवस. यातले अकरा दिवसच मला नीट आठवतात.

त्याचं झालं असं की आधीच्या जर्नलने पेपर चार दिवसांत परत केला होता, रिव्ह्यूला, म्हणजे इतर तज्ज्ञांकडे तपासायला, न पाठवताच. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात, म्हणजे दारातूनच "ताई, पुढच्या घरी बघा". मग पुढचं घर शोधलं. सर म्हणाले, "अगं फाइल तीच आहे ना, तासाभराचं काम आहे." सरांनी स्वतःच्या हाताने शेवटचा पेपर पाठवला तेव्हा तीन प्रती काढून पोस्टात टाकायचं एवढंच काम असायचं हे मला नंतर कळलं.

नवीन जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना माझ्या पेपरपेक्षा लांब होत्या. पहिलीच गोष्ट म्हणजे रेफरन्सेस. आधीच्यांना एपीए स्टाइल हवी होती, म्हणजे वाक्यात लेखकाचं आडनाव आणि वर्ष, यांना व्हॅन्कुव्हर हवी, म्हणजे फक्त नंबर. एपीएच्या यादीत वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची, व्हॅन्कुव्हरमध्ये सहा झाले की "इत्यादी". आता ही व्हॅन्कुव्हर आली कुठून, तर १९७८ साली मेडिकल जर्नलांचे काही संपादक व्हॅन्कुव्हरला जमले आणि त्यांनी ठरवलं की प्रत्येक जर्नलचे नियम वेगळे असल्यामुळे लेखकांचे फार हाल होतात तर आपण एकसारखे नियम करू. चांगली माणसं असणार. माझ्या जर्नलने मात्र लिहिलं होतं "व्हॅन्कुव्हर, खालील बदलांसह", आणि खाली बदल दीड पान.

झोटेरो म्हणजे रेफरन्सेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यात एका क्लिकवर स्टाइल बदलते हे खरंय. पण आपण आत जे भरून ठेवलंय तेच तो नवीन कपडे घालून बाहेर काढतो. ६३ पैकी नऊ रेफरन्सेसची टायटल्स सगळी कॅपिटलमध्ये ओरडत होती आणि एका पेपरच्या लेखकाचं नाव "अॅडमिन" होतं. हा अॅडमिन माझ्या थिसिसमध्ये पण गेलाय. तिथे कुणी काही बोललं नाही.

मग अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश. मर्यादा २५० शब्द, माझा ४१२. पहिले शंभर शब्द आनंदाने कापले, पुढचे पन्नास नाइलाजाने, आणि शेवटचे बारा काही केल्या जाईनात. शेवटी कळलं की हायफन टाकून जोडलेले शब्द वर्ड एकच मोजतो. माझ्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये आता असे काही जोडशब्द आहेत की ते इंग्रजीत याआधी कुणी वापरले नसतील. त्यानंतर हायलाइट्स, तीन ते पाच वाक्यं, प्रत्येक जास्तीत जास्त ८५ कॅरेक्टर्स, स्पेस धरून. दोन वर्षांचं काम ८५ कॅरेक्टर्समध्ये बसवायचं म्हणजे अवघड जाईल असं वाटलेलं, पण ते ६० मध्येच बसलं, आणि मी जरा वेळ गप्प बसून राहिले.

फिगर्स ३०० डीपीआय हव्यात, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. मी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ७२ च्या जागी ३०० लिहिलं. फिगर होती तेवढीच धुरकट राहिली, फक्त फाइल मोठी झाली. मग सगळे ग्राफ मुळापासून परत काढले.

शिवाय कुणी काय केलं ते सांगायचं, त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादी आहे. सगळ्यांना "संकल्पना" हवी होती, "डेटा सांभाळणे" कुणालाच नको. आमच्या एका सह-लेखकांनी संपूर्ण पेपरवर "लुक्स गुड" एवढंच कळवलं होतं, त्यांना मी "लेखन: परीक्षण आणि संपादन" दिलं. खोटं नाहीये ते, त्यांनी परीक्षण केलं आणि त्यांना गुड दिसलं.

पण खरी मजा पुढे होती. हे जर्नल डबल ब्लाइंड, म्हणजे रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळता कामा नये. नावं काढा, आभार काढा, आणि स्वतःच्या जुन्या कामाबद्दल परक्यासारखं लिहा. "आमच्या आधीच्या अभ्यासात" असं चालणार नाही, "त्या लेखकांच्या अभ्यासात" असं हवं. मी हुशारी करून फाइंड-रिप्लेस मारलं, "अवर" च्या जागी "देअर". आता अवरची तीन अक्षरं स्पेलिंगमध्ये कुठे कुठे असतात बघा, फोरमध्ये असतात, तासवाल्या अवरमध्ये असतात. त्यामुळे दर चार तासांनी घेतलेली आमची मोजमापं दर "फदेअर हदेअर्सनी" घेतली गेली. ते निस्तरता निस्तरता मला तो हेदरिंग्टन आठवला. जॅक हेदरिंग्टन, अमेरिकेतले फिजिक्सवाले. एकट्यानेच लिहिलेल्या पेपरात त्यांनी सगळीकडे "आम्ही" टाइप केलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं की एकाच लेखकाचं "आम्ही" जर्नलला चालत नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळं परत बडवायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी सरळ आपल्या मांजराला सह-लेखक केलं, एफ. डी. सी. विलार्ड या नावाने, आणि १९७५ मध्ये तो पेपर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापूनही आला. माझ्याकडे मांजर नाही. आणि असतं तरी त्यानेही "संकल्पना"च मागितली असती.

तर परक्यासारखं लिहायला बसले आणि जरा वाहवतच गेले. स्वतःबद्दल चांगलं बोलायची अशी सोय परत कधी मिळणार! "या लेखकांनी अत्यंत काटेकोर पद्धतीने दाखवून दिले आहे की," आणि पुढे नंबर १४. फाइल सरांना पाठवली. रात्री साडेबाराला परत आली, वरती "बाकी उत्तम, पाठवून दे", आणि पान सातवर समासात एक कमेंट:

"हे १४ नंबरवाले कोण? मेथड कच्ची वाटते यांची. एवढं कौतुक नको."

नंबर १४ म्हणजे सर आणि मी. एपीए असती तर स्वतःचं आडनाव दिसलं असतं त्यांना, व्हॅन्कुव्हरने घात केला. साडेबाराला फोन करून हे सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हटलं कमेंट सकाळी काढू. पण मग वाटलं आता बसलोच आहोत तर उरकून टाकू, आणि मी अपलोड करायला घेतलं. कव्हर लेटर, टायटल पेज, ऑर्किडचा (म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा) सोळा आकडी नंबर, रिव्ह्यूअर म्हणून कोण चालेल, कोण चालणार नाही (आधीच्या जर्नलचे संपादक लिहिणार होते, नाही लिहिलं). शेवटी सिस्टिमने सगळ्याची मिळून एक पीडीएफ बनवली आणि म्हणाली की काळजीपूर्वक तपासून मान्यता द्या. मी पहिलं पान बघितलं, शेवटचं पान बघितलं आणि रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मान्यता दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जर्नलच्या ऑफिसचं मेल आलं, अतिशय नम्र. मॅन्युस्क्रिप्ट परत पाठवत आहोत, कारण पान ७ वर समासातल्या कमेंटमध्ये लेखकाचं पूर्ण नाव दिसत आहे, कृपया कमेंट काढून पुन्हा अपलोड करावे. करस्पॉन्डिंग ऑथर सर असल्यामुळे मेल त्यांना गेलं होतं, मला नुसती सीसी.

फोन आलाच. "अगं, ती कमेंट राहिली बघ तशीच. पण ते १४ नंबरवाले कोण आहेत ते बघितलंस का?"

"सर, ते आपणच आहोत."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "तरीच मेथड ओळखीची वाटत होती."