विरघळतंय की ओ!

मल्चिंग केलं होतं काय यंदा, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिकचा पेपर अंथरला होता काय? मिरची निघाली? आणि आता त्या पेपरचं काय करायचं असा प्रश्न पडलाय? मग आधी तुमचं अभिनंदन, कारण आमच्या बेळगावकडच्या मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात हा प्रश्न कुणाला पडतच नाही. तरी नवीन मंडळींसाठी चार अनुभवाचे बोल लिहून ठेवतो. अनुभव माझा आणि खर्चही माझाच, साडेसहा हजार, ते पुढं येईलच.

पेपर घेताना पातळातला पातळ घ्यायचा. दुकानदारानं तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढं केला की "वीसचा नाही काय ओ?" असं विचारायचं. जाड पेपर अख्खा निघतो, आणि निघतो म्हटल्यावर काढावाच लागतो, नस्ती कटकट. पातळ असला की हातात चिंध्या येतात, आपण मोकळे. (भाजीवाल्या मावशीनं मेथीची पेंडी पातळ पिशवीत घालून दिली की दंड, केंद्राच्या नियमानं पिशवी निदान 120 मायक्रॉनची पाहिजे. शेतात पंचवीसचा एकरभर अंथरा, वर फलोत्पादन मिशनची निम्मी सबसिडी घ्या. अंथरायला सबसिडी, गोळा करायला मात्र सकाळी सहाला बायका शोधत दारोदार.)

राहिलेला बांधावर पेटवायचा. वास दुसऱ्याच्या घराकडं जातो.

जाळायला काडेपेटी नसली तर रोटर, म्हणजे ट्रॅक्टरमागची माती भुसभुशीत करणारी फिरती पाती, मारायचा. हा आमच्या शेजारच्या अण्णांचा खास सल्ला. मिरचीची झाडं उपटली, पेपर तसाच ठेवला, ट्रॅक्टर घातला, अर्ध्या तासात रान मोकळं. मी बांधावरून म्हटलं, अण्णा, पेपर तरी काढायचा होता, तर म्हणतात, "विरघळतंय की ओ ते पावसात." विरघळतंय! मीठ विरघळतंय, साखर विरघळतीय, युरिया विरघळतोय. चार फुटी पेपरचं चारशे मीटरचं बंडल अकरा किलोचं, एकराला सात बंडलं, म्हणजे पाऊण क्विंटल प्लास्टिक, ते काय विरघळून चहात जाणार आहे काय? झालं काय तर चार महिने उन्हात पडून पेपर कडक झाला होता, ऊन आणि हवा मिळून प्लास्टिकची लांबच लांब साखळी आतून तोडत जातात, मग नुसतं दुमडलं तरी पापडासारखा मोडतो, आणि मातीत दाबलेला काठ मात्र ऊन न लागल्यानं कालच आणल्यासारखा चिवट राहतो. त्यावर रोटरची पाती. एका चौरस सेंटीमीटरचे दहा भाग आडवे, दहा उभे केले तर शंभर तुकडे, त्यातल्या प्रत्येकाचे परत तसेच केले तर दहा हजार, आणि वजन? तेवढंच! गुंजभरही कमी नाही. पाच मिलिमीटरच्या खाली गेलं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, अण्णा त्याला विरघळलं म्हणतात.

मग वळीव आला. एका रात्रीत अण्णांचं रान ओघळीनं माझ्या विहिरीत. पुढं आठ दिवस पावसाचा पत्ता नाही, रताळ्याचे वेल माना टाकायला लागले म्हणून मोटर चालू केली, दहा मिनिटं पाणी आलं, मग धार बारीक, मग नुसता घूंऽऽ आवाज, मग वास. पाच एचपीच्या मोटरचं वाइंडिंग जळालं, साडेसहा हजार गेले ते इथं. मोटर वर ओढून बघितली तर जाळीला सगळीकडून पट्ट्या गुंडाळलेल्या, एक बाजू काळी, दुसरी अजून चंदेरी, वर शेवाळ, बुळबुळीत, आणि नखानं खरवडलं की बोटावर चमकीसारखा चुरा. तो चुरा जाळीतून आरपार जात होता, म्हणजे इतके दिवस वेलांना मीच पाजत होतो.

आम्ही कर्नाटकातले मराठी, सरकारी कार्यालयात मराठीतून कागद मागून मागून आमचे केस पिकले, मिळत नाही. हा कागद न मागता विहिरीत.

पाण्यात गेलं म्हणजे लवकर मोडेल अशी आशा असली तर तीही ठेवा, आशेला पैसे पडत नाहीत. पाण्यात उलट हळू मोडतंय. खाली ऊन पोचत नाही, पाणी गार, वर शेवाळाचा थर बसला की छत्री धरल्यासारखं. आधी तरंगतं, कारण हे पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, मग शेवाळ आणि गाळ चिकटून जड होतं आणि तळाला बसतं. आणि तळाचा गाळ उन्हाळ्यात आपण काढतो, "लई कसदार असतोय" म्हणून परत शेतातच पसरतो. म्हणजे अण्णांचा पेपर अण्णांच्याच शेतात साभार परत, फक्त मध्ये माझी मोटर.

दुकानदार "आपोआप मोडणारा" पेपर दाखवेल, तो जरूर घ्या. मोडतो, कुजत नाही, तुकडेच लवकर होतात. युरोपनं असल्या मालावर 2019 ला कायदा करून 2021 पासून बंदी घातली, त्यांना शेती कळत नसणार. खरंच कुजणारा पेपर वेगळा असतो, पीबीएटी नावाच्या कुजणाऱ्या प्लास्टिकचा, त्याला मातीतले जंतू खातात, पण तो महाग, आणि विहिरीच्या गार पाण्यात त्याचंही काम निवांत चालतंय.

ड्रिपच्या जुन्या नळ्या ओढ्यात. पूर आला की जातात.

जातात कुठं ते विचारायचं नाही. मार्कंडेय घटप्रभेत, घटप्रभा कृष्णेत, पुढं आलमट्टी धरण, आणि आलमट्टीच्या उंचीवरून राज्यं भांडतायत, तळात काय साठतंय ते कोण बघतंय? नेदरलँड्समध्ये 2022 साली 22 जणांचं रक्त तपासलं, 17 जणांत प्लास्टिकचे कण मिळाले. त्यांनी तर मिरचीही लावली नव्हती.

आता पुरे झाली थट्टा. मल्चिंग वाईट नाही ओ, मी पण करतो, तण कमी, पाणी कमी, मिरची चांगली येते. आणि तीन वर्षांमागं मी पण काठाचा पेपर तसाच नांगरला होता, अजून भांगलताना वर येतो, तेव्हा मी काय धुतल्या तांदळाचा नाही. पण अंथरायला चार माणसं लावता तर काढायला दोन लावायला काय होतंय? कडक व्हायच्या आधी काढला, काठाची माती मोकळी करून गुंडाळत गेलं, तर दोन दिवसांचं काम आहे. लाखाची मिरची विकली तुम्ही अण्णा, आणि दोन दिवसांची मजुरी वाचवलीत, आणि ती माझ्या विहिरीतून वसूल केलीत. त्याच विहिरीवर तुमची म्हैस पाण्याला येतीय, तेवढं तरी बघायचं.

तुम्ही मोबाइल बघत नाही, पण तुमचा पोरगा हे वाचतोय, माहीत आहे मला. बाळा, तुमच्या शेताच्या वरच्या तुकड्यातला पेपर अजून तसाच पडलाय, रोटर लागलेला नाही. आज उघडीप आहे. पोती माझ्याकडं आहेत, ने.